तिथेही

ऋता जॉर्डनला गेली तेव्हा
जुनी सॅक माळ्यावर टाकून गेली,
एक पट्टा उसवलेला, चेनला सेफ्टी पिन.
काल तिचा मेसेज आला: उद्या शोबक.
क्रुसेडवाल्यांचा किल्ला आहे, पार मोडलेला,
दिवसात जाऊन येईन.
मी लिहिलं, टोपी घाल.
मग झोप लागेना म्हणून
स्टुलावर चढून सॅक खाली काढली.

शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात एकतीस वर्षं
मी गोळ्या मोजल्या.
ही लाल, उपाशीपोटी. लघवी केशरी होईल, घाबरू नका.
जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर गेलं की
टेकाडावर तो दिसायचा, काळा, बसका,
कुणी विसरून गेलेल्या डब्यासारखा.
एकदाही गेले नाही.
जायला कारण लागतं,
माझ्याकडे नुसत्या वेळा होत्या.

पाण्याची बाटली, दोन पोळ्यांची गुंडाळी,
गूळ-शेंगदाणे, चष्म्याचं घर, बीपीची गोळी
आणि उगाच एक नॅपकिन.
लिफ्टमध्ये कर्णिकबाई म्हणाल्या, ट्रेक? एकट्याच?
बसचा कंडक्टर आजी म्हणाला,
सॅक बघून मॅडम म्हणाला,
आणि तिकीट फाडताना, एकट्याच?
दर्ग्यापाशी फुलवाला म्हणाला,
किल्ल्यात काय नाय. एकट्याच चाललात?
म्हटलं, काही नाही ना वर,
मग दोघांनी जाऊन काय करायचं.

खरंच काही नव्हतं.
दरवाजा दगडी, माणसाच्या मापाहून उगाच मोठा.
आत गवत, छप्पर गेलेली खोली,
आणि भिंतीत जंग्या,
फुप्फुसाच्या फिल्मवर दिसायच्या तशा,
वरच्या भागात, उजवीकडे.
डॉक्टर पेन टेकवून म्हणायचे, इथे पोखरलंय.
मी बोट टेकवलं.
हवा येत होती, खारट, थोडी तेलाची.

डोळा लावला.
बंदूक धरणाऱ्याला दिसला असेल तेवढाच समुद्र,
वीतभर.
त्यात तेलाच्या टाक्या, चिखल,
चिखलात पाय रोवून निघालेला लांबच लांब पूल,
आणि गुलाबी ठिपके, जे हलले तेव्हा पक्षी झाले.
इथे कुणी पोरगा उभा असेल रात्रपाळीला,
सिद्दीची गलबतं येतील म्हणून डोळे ताणून.
आईला काय कळवलं असेल त्याने?
जेवण बरं आहे, एवढंच.

घाडी नावाचा वॉचमन आला.
इथे बसता येत नाही, म्हणाला.
मग पोळी बघितली,
बसा, पण पाय आत घ्या.
अर्धी पोळी त्याने खाल्ली आणि
उपकार फेडावे तसा एक खड्डा दाखवला.
त्याच्या मते ते टाकं.
तळाशी वेफर्सची पाकिटं, एक चप्पल, डावी.
पाणी?
मी आल्यापासून तरी नाही.
कधी आलास?
मागल्या सोमवारी.

संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावत होते,
तेव्हा फोन वाजला.
तिची धाप अजून उतरली नव्हती.
आई, इथे एक भुयार आहे, नुसत्या पायऱ्या,
साडेतीनशेच्या वर, खडकात खोदलेल्या,
वेढा पडला की ते लोक पाण्याला असे उतरायचे,
मिट्ट काळोख,
मोबाइल दातांत धरून गेले मी, हात भिंतीला.

माझ्या जिभेवर तो शब्द आलाच होता,
सकाळपासून तीन जणांनी वापरलेला,
गुळगुळीत.
पाण्याचा घोट घेतला
आणि लाल गोळीसारखा गिळला.
मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं,
तळाला पाणी नव्हतंच ना गं, तिथेही?

फोनमध्ये वारा होता, बराच वेळ.

तिथेही म्हणजे, आई?